आधी ओटा, मग सुट्टी

मी स्वयंपाकघरातला ओटा बोलतोय. बोलायची सवय नाही, पण यंदाच्या सुट्टीने तोंड उघडायला लावलं.

खाणीतून निघालो. पाथरवटाने तासलं, गवंड्याने इथे भिंतीला लावून बसवलं. तेव्हापासून जागचा हललो नाही. गरम पातेली सोसली, सुऱ्यांचे ओरखडे सोसले. कुरकुर केली नाही. पण घाणीची मला किळस आहे.

या घरातली आई मला आवरल्याशिवाय बाहेर पाऊल टाकत नाही. तिच्या आईने लावलेलं वळण. मला त्याचा अभिमान होता.

सुट्टी लागली की घर भरतं. दीर, जाऊ, त्यांची पोरं. जो तो उष्टा कप माझ्यावर ठेवून म्हणतो, "ठेवलाय हं इथे." बेसिन हातभर अंतरावर. तिथवर हात जात नाही. सगळे लोळतात आणि ही माझ्यापुढे उभी. तिचे पाय सुजतात. ते बघायला कोणाची मान खाली वळत नाही.

यंदा तिची धाकटी बहीण हट्टाला पेटली. "दोन दिवस माझ्याकडे यायचं. नुसतं झोपायचं." ही कधी नव्हे ते हो म्हणाली. नवऱ्याच्या उत्साहाला ऊत आला. पोरांना म्हणाला, "आज आईला सुट्टी! जेवण मी करणार!"

केलं. आमलेटं केली आणि घरातली सगळी भांडी काढली. तेल सांडलं. बलक माझ्या कडेवरून ओघळून वाळला. खाल्लं, ढेकर दिले, टीव्हीपुढे पडले. वर म्हणतो, "एवढंच तर असतं!" शी!

बहीण न्यायला आली. हिने पिशवी खाली ठेवून बाह्या सारल्या. "एवढा ओटा आवरते, मग निघू."

"ताई, गेल्या सुट्टीतही हेच. ओटा झाला, मग भांडी, मग सगळ्यांचा चहा. मी एकटीच परत गेले."

"अगं, असा टाकून कशी जाऊ? कोणी काय म्हणेल?"

"कोण म्हणणार? ओटा?"

हिने ओलं फडकं माझ्यावर टेकवलं. हात तिथेच थांबला. मग फडकं सोडून तिने पिशवी उचलली. "येते हो," नवऱ्याला म्हणाली. "ओटा राहिलाय." आणि गेली.

आता माझ्यावर माशा आहेत. वास मारतोय. माझी मलाच शिसारी येते. मघाशी तिचा नवरा आला, नाक दाबून उभा राहिला आणि मला पुसायला लागला. फरशीच्या फडक्याने! हातभर अंतरावर तिचं फडकं पडलंय, ते दिसलं नाही.

"दादा, राहू दे की," दीर दारातून हसला. "वहिनी आली की करेल."

"गप. तुझा कप उचल आधी."

पुसता येत नाही त्याला. कोपऱ्यातली घाण मधोमध आणतोय. आणू दे.

तुमच्या घरी सुट्टी लागेल तेव्हा आपला कप आपण विसळा. आणि घरातली आई कुठे निघाली असेल, तर माझं नाव सांगून तिला अडवू नका. राहीन मी घाण. तिला झोपू दे.