विहिरीतल्या गारगोटीची ठिणगी

मित्रांनो, मी एक जुनी गारगोटी आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन, एवढंच माझं गोत. काळ्या पाषाणाच्या पोकळीत मी कणाकणाने वाढले. तो पाषाण फेल्डस्पार आणि पायरॉक्सिनचा. लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम असा मोठा संसार पोटात बाळगणारा. माझा शेजारी कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. दिसायला माझ्यासारखाच पांढरा, पण चाकूनेही ओरखडा पडेल इतका मऊ. मी मात्र हटवादी. पोलाद माझ्यावर आपटलं, तर त्याचाच कण सोलून निघतो, तापतो आणि ठिणगी उडते. विहिरी खणणारे मला नुसतं 'गार' म्हणतात. दगडाला घाम फुटत असता, तर १९८७च्या उन्हाळ्यात या नावापायी मला नक्की फुटला असता.

पिंपळनेरच्या शिवारात विहीर खणताना एक सुरुंग फुटलाच नाही. त्याची दारू माझ्या अगदी कुशीतल्या भोकात ठासलेली होती. अशा भोकात आधी पाणी ओतून ते थंड करायचं, मगच हात लावायचा, ही तिथली रीत. मजूर धनसिंग खाली पाहून वर गेला आणि मुकादम तोतारामला म्हणाला, "भाऊ, खाले गार शे." तिथे गारगोटी आहे, लोखंड लावू नका, असं त्याला सांगायचं होतं. मग तो पाणी आणायला गेला.

तोतारामला वाटलं, भोक थंड झालं. त्याने धाकट्या भावाला, भिकनला, हाक मारली. "गार शे, भिकन. उतर नि मोकयं कर."

भिकन पहार घेऊन उतरला. पहिलाच घाव माझ्या कडेवर बसला. ठिणगी उडाली आणि भोकाच्या तोंडाशी विझली. अरे बाबा, थांब! पण मला वाचा कुठली? पुढची ठिणगी आणखी आत गेली. भिकनने पुन्हा पहार उचलली.

वर धनसिंग बादली घेऊन परतला होता. दगड उपसणाऱ्या लताबाईने त्याला विचारलं, "हाई पानी आते कसाले? भोक गार शे ना?"

"मी त दगडनं सांगं व्हतं!" धनसिंग किंचाळला आणि त्याने अख्खी बादली खाली ओतली.

भिकन नखशिखांत भिजला. भोकातली दारूही भिजली. पहार त्याच्या हातातून गळून पडली. तो वर आला, तेव्हा तोतारामने त्याचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

पुढे मला फोडून काढलं आणि बांधावर टाकलं. आता मी तिथेच ऊन खात पडून असते. मला जपा, असं मी म्हणत नाही, मित्रांनो. बोललेला शब्द जपा. ऐकलेलं नीट कळलं नाही, तर विचारायला लाजू नका. तोतारामने त्या दिवशी "गार म्हंजे काय रे?" एवढं विचारलं असतं, तर आपल्या पाठच्या भावाला त्याने स्वतःच्या तोंडाने मरणाच्या दारात धाडलं नसतं.