अठ्ठ्याऐंशीची चॅम्पियन

एकदाच खोटं बोललं की काम भागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी वरदाला विचारावं. तिचं एका शब्दाचं खोटं लीड्समधल्या एका टेनिस क्लबाच्या भिंतीवर सदतीस वर्षं सोनेरी अक्षरांत झळकतंय.

क्लब जुना, आणि त्याची ग्रासकोर्टवरची चॅम्पियनशिप सव्वाशे वर्षांची. जिंकणाऱ्या प्रत्येकाचं नाव हॉलमधल्या लाकडी बोर्डवर लागतं. त्या सगळ्या मार्गरेट आणि डोरोथींच्या रांगेत १९८८ च्या पुढे लिहिलंय, डॉ. वरदा गोगटे.

फायनलला समोर रेखा होती. एकाच हॉस्पिटलातली जिवाभावाची मैत्रीण, वरदाला रॅकेट धरायला शिकवणारीसुद्धा तीच. वरदा भूल देणारी डॉक्टर, तर रेखा डोळ्यांची सर्जन होऊ घातलेली. क्लबच्या मॅचला अंपायर नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर ते आपणच सांगायचं, आणि शंका असली तर आत धरायचा. रेखाचा मॅच पॉइंट होता, हा मिळाला की कप तिचा. तिचा फोरहँड मागच्या लाइनवर पडला, लाइनच्या खडूची पांढरी पूड उडाली, वरदाने ती धडधडीत पाहिली आणि बोट वर करून म्हणाली, "आउट." शंका कसली डोंबलाची! रेखा क्षणभर थबकली, मग गुमान पुढच्या सर्व्हिसला उभी राहिली. त्यानंतरचे तीन गेम आणि कप वरदाने घेतला.

पुढच्या वर्षी रेखाने सर्जरी सोडली आणि जीपी, म्हणजे साधी फॅमिली डॉक्टर झाली. मुलं लहान होती, त्यांच्यासाठी सोडली असणार, असं वरदा तेव्हा धरून चालली.

यंदा जुलैत क्लबने सगळ्या जुन्या विजेत्यांना बोलावलं. फायनलच्या आधी एकेकीचं नाव पुकारायचं, तिने कोर्टवर जाऊन उभं राहायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. वरदाने गुडघ्याचं निमित्त काढून पाहिलं. रेखा ऐकते थोडीच! स्वतः गाडी घेऊन दारात हजर, वर डब्यात नारळाच्या वड्या. क्लबात पोचल्यावर दिसेल त्या पोरीला सांगत सुटली, "मी हिच्याकडून हरले बरं का. ही आमची चॅम्पियन."

वरदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं दडवलेलं आज बाहेर पडलं नाही, तर ते आपल्याबरोबर सरणावरच जाणार, हे तिला कळून चुकलं.

"रेखा, तुझा तो मॅच पॉइंटचा बॉल," ती म्हणाली, "लाइनवर होता. मी पाहिला होता. मी खोटं बोलले."

रेखा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून डब्याचं झाकण लावत होती. तिचा हात तिथेच थांबला.

"पूड उडाली होती?"

"हो."

"मलाही दिसली होती," रेखा सावकाश म्हणाली. "पण तू आउट म्हणालीस. मला वाटलं, वरदा कशाला खोटं बोलेल? माझेच डोळे फसले असणार. दुसऱ्या आठवड्यात मी डोळे तपासून घेतले. नंतर आणखी दोनदा. रिपोर्ट नॉर्मल आले, तरी मायक्रोस्कोपखाली बसलं की हात थांबायचा. दिसतंय ते खरं आहे ना, हेच कळेना. असल्या डोळ्यांनी दुसऱ्याचा डोळा कसा कापायचा?"

कप चोरला हे वरदाला ठाऊक होतं. बाकीचं आज कळत होतं.

माइकवर नावं सुरू झाली. अठ्ठ्याऐंशी आलं.

"जा," रेखा म्हणाली. "तुझं नाव घेतायत."

"तू चल. मी सांगते सगळ्यांना."

"मला नकोय ते. तू जा."

वरदा पायऱ्या उतरून त्याच मागच्या लाइनवर जाऊन उभी राहिली. तिन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. तिने व्हरांड्याकडे पाहिलं. रेखाने चष्मा काढून डब्यावर ठेवला होता आणि दोन्ही हात मांडीवर होते.