बेचाळीस साच्यांची वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनदा शिवलेली, कडांना वाळवीनं खाल्लेली, आणि खरं सांगायचं तर बोलायचाही कंटाळा आलेली. पण कुणी विचारत नाही म्हणून गप्प बसायचं, असं किती वर्षं करायचं? म्हणून सांगते.

महाराज गादीवर आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी कोल्हापुरात त्र्यंबक मास्तरांनी मला शिवलं. मास्तर दिवसा शाळेत इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी रस्तेबांधणीच्या एका साहेबाला मराठी शिकवायला त्याच्या बंगल्यावर जात. साहेबाचं मराठी काही पुढं सरकलं नाही. मास्तरांच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. साहेब, त्याची मडम, त्यांचे पाहुणे दिवसभर बोलतात खूप, पण फिरून फिरून येतात त्याच ठरलेल्या वळणांवर. काही हवं असलं की "वुड यू बी सो काइंड". खोलीत साप निघो की चहात माशी पडो, सुरुवात "देअर इज" अशीच. आणि नाही म्हणायचं असलं की "आय ॲम अफ्रेड", म्हणजे मला भीती वाटते! अहो, वाघाच्या शिकारीला जाणारा तो माणूस दिवसातून दहा वेळा भीत असे.

मास्तर घरी येऊन हसत हसत हे सगळं लिहून ठेवत. कचेरीतल्या कागदांतूनही त्यांनी असेच साचे वेचले. "शब्द बदलतात रे, साचा तोच असतो," असं ते मुलांना सांगत. एका पानावर एक साचा, मध्ये नावगावासाठी मोकळी जागा, असे बेचाळीस साचे माझ्यात उतरले. पानांवर आकडे मात्र त्यांनी घातले नाहीत. मास्तरांना सगळं तोंडपाठ, त्यांना आकडे कशाला लागतात!

ते दिवस बरे होते. मुलं माझ्यावरून उतरवून घेत. त्यातले दोघं कारकून झाले तेव्हा माझ्यापुढं पेढे ठेवले होते. मला काय खाता येणार, पण ठेवले होते. पुढं मास्तरांची दृष्टी गेली आणि त्यांनी मला लालासाब या त्यांच्या विद्यार्थ्याच्या हवाली केलं.

लालासाब गुणी होता. पण त्याचं इंग्रजी अर्ध्यावर राहिलेलं, कारण वडील गेले आणि शाळा सुटली. तो कचेरीसमोरच्या लिंबाखाली चटई टाकून लोकांचे अर्ज लिहायला बसू लागला. लोक त्याला मुन्शी म्हणत. त्याची कामाची एक पद्धत होती. कुणी रजा मागायची म्हटलं की तो अंगठ्यानं माझी पानं मोजायचा. चौदावं पान रजेचं, पंधरावं चाकरी सोडण्याचं, एकविसावं बदलीचं. पान उघडायचं, मोकळ्या जागेत नाव घालायचं आणि बाकीचं जसंच्या तसं उतरवायचं. हात असा चालायचा की बघत राहावं! रोज तो मला पन्नास वेळा उघडायचा. वाचायचा मात्र नाही. त्याला वाटायचं, वाचायचं काय त्यात, पाठ तर आहे.

पंधराएक वर्षांत माझी शिवण उसवली. पानं गळू लागली. लालासाबनं मला ख्वाजा बाइंडरकडं नेलं.

"लाला, ही पानं कशी लावू? आकडं न्हाईत की," ख्वाजा म्हणाला.

"हाईत तशी लाव की रे. मला उद्या पायजे."

ख्वाजानं हातात आली तशी पानं लावली, नवं लाल कापड चढवलं. मी नवरीसारखी दिसू लागले. पण चौदावं पान पंधराव्याच्या जागी गेलं आणि पंधरावं चौदाव्याच्या. मला कळत होतं. पण वहीला तोंड कुठं असतं?

दुसऱ्या दिवशी बाजार होता. चटईभोवती दहा-बारा माणसं. त्यांत झुंबरबाई होती. ती बायकांच्या दवाखान्यात अकरा वर्षं आया म्हणून राबत होती. विधवा बाई, त्या चाकरीवर तिचं पोट.

"मुन्शी, लेकीचं पयलं बाळंतपण हाय, चंदगडला. दोन म्हैनं सुट्टी लिवा," ती म्हणाली.

लालासाबनं अंगठ्यानं चौदा पानं मोजली. आता गंमत बघा, गंमत कसली, दुर्दैवच. रजा मागायची असो की चाकरी सोडायची, साहेबी अर्ज सुरू होतो त्याच नम्र शब्दांनी आणि संपतोही त्याच शब्दांनी. फरक असतो मधल्या एका ओळीत. ती ओळ लालासाबच्या हातानं लिहिली, डोळ्यांनी पाहिली नाही. तो शेजारच्या माणसाशी पावसापाण्याचं बोलत होता. झुंबरबाईनं अंगठा उठवला, अर्ज दवाखान्यात दिला आणि चंदगडची वाट धरली. पुढं दोन महिने रजा मागायला दुसरं कुणी आलं नाही, म्हणून चूक उघडीही पडली नाही.

दोन महिन्यांनी ती परत आली तर तिच्या जागेवर दुसरी बाई. तिथल्या कारकुनानं तिला तिचाच अंगठा दाखवला. "तूच सोडलीस की चाकरी," म्हणाला.

ती तडक लिंबाखाली आली. लालासाबनं मला उघडलं, पान काढलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ओळीवर बोट ठेवून वाचलं. त्याचं बोट थांबलं. तोंड पार उतरलं.

"बाई, घात झाला," तो म्हणाला. "चला, दवाखान्याच्या मडमकडं जाऊ. मी सांगतो माझी चूक हाय म्हणून."

हजारो इंग्रजी अर्ज लिहिलेला हा माणूस गोऱ्या माणसासमोर कधी उभा राहिला नव्हता. दवाखान्याच्या डॉक्टर मडमसमोर मला छातीशी धरून तो अर्जाच्या सुरुवातीचं "आय बेग टू", म्हणजे विनंती करतो की, एवढं म्हणाला आणि अडकला. बेचाळीस साच्यांत स्वतःची चूक कबूल करायचा एकही नव्हता! शेवटी तो मराठीतच म्हणाला, "हिची काय बी चूक न्हाई. सगळी माझी हाय." मडमला तेवढं मराठी येत नव्हतं. तिनं अर्जावरच्या अंगठ्याकडं पाहिलं, नव्या बाईकडं पाहिलं आणि हळू आवाजात सुरुवात केली, "आय ॲम अफ्रेड..."

पुढचं ऐकायची गरजच उरली नाही. लालासाबला तो साचा पाठ होता.

बाहेर आल्यावर झुंबरबाई रडली नाही. मला वाटलं होतं, रडेल. ती म्हणाली, "मुन्शी, म्या अंगठा दिला त्यो तुमच्या तोंडाकडं बघून. कागदाकडं बघून न्हाई." आणि ती चंदगडला लेकीच्या दारात गेली, उतारवयात दुसऱ्यांच्या भातशेतात रोजानं वाकायला. कोल्हापुरात ती पुन्हा दिसली नाही.

त्या दिवसानंतर लालासाब प्रत्येक अर्ज अंगठ्याआधी मराठीत वाचून दाखवू लागला. त्याला वेळ लागे. लोकांना घाई असे. एकेक करत ते पलीकडच्या मुन्शीकडं गेले. एका दुपारी चटईवर कुणीच नव्हतं, तेव्हा त्यानं माझं शेवटचं कोरं पान उघडलं आणि मराठीत लिहिलं: "झुंबरबाईनं रजा मागितली होती. मी न वाचता अर्ज लिहून दिला आणि तिची चाकरी घालवली. लालासाब."

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ हातांतून गेले. इंग्रजी पानं सगळे कौतुकानं बघतात, दोन-चार साचे मोठ्यानं म्हणतात आणि मला मिटून ठेवतात. शेवटच्या पानापर्यंत कुणी येतच नाही. मी थकले आता. माझी धूळ झटकू नका, मला तिसऱ्यांदा शिवू नका, काही नको. तुमच्यापैकी कुणी कधी चंदगडकडं गेलात, तर तेवढं एक पान तिथं मोठ्यानं वाचा. झुंबरबाईला ते कुणी वाचून दाखवलेलंच नाही.