नावाड्याचं कूळ

रोस्मियानबाईंनी फळ्यावर ‘नावाडी’ एवढंच लिहिलं आणि पुढची जागा रिकामी सोडली.

“तिथे ‘पापी’ लिहा,” मागच्या बाकावरून सिआगियान म्हणाले. मंडळीचे हे ज्येष्ठ कारभारी आज तळ्याकाठच्या बालिगे गावातल्या चर्चच्या शाळेत एवढंच बघायला आले होते, की नाटकं वाचून मुलांच्या श्रद्धेत काय भर पडते. उत्तर पटलं नाही, तर रविवारच्या बैठकीत हा तास बंद. “बुडणाऱ्या माणसाचा होडीवरचा हात यानं सोडवला. आता या नाटकात वाचायचं काय उरलं?”

“त्याचं कूळ ठरायचंय अजून. पाप्याच्या घरी जेवायला जाताना प्रभूने आधी त्याला नावाने हाक मारली. आम्हीही नाटक तसंच वाचतो. पात्राला आधी कुणीतरी आपल्या कुळात घ्यायचं, मगच त्याला बरं-वाईट म्हणायचं.” बाई मुलांकडे वळल्या. “बोला, कोण घेतंय याला आपल्यात?”

“साउतच्या कुळात द्या, बाई. त्यांच्यात सगळे भित्रेच!”

“गप रे,” साउत उसळला, “तुझे आजोबा तर तळ्याकाठी राहून पाण्याला घाबरतात!”

हशा ओसरला, तरी घ्यायला कुणी तयार होईना. मग टिओडोर उभी राहिली.

“माझ्या आईच्या माहेरी घ्या. सिआगियान कुळात.”

“अगं ए पोरी! आमच्यात असला कुणी नाही!”

“नसेलही, मामा.” आईच्या कुळातला पुरुष म्हणजे मामाच, आणि भाचीने भर वर्गात मामा म्हटल्यावर रागवायचं तरी कसं? “पण असता, तर त्याच्या बाजूने कोण बोललं असतं?”

सिआगियानांनी चष्मा काढून सावकाश पुसला.

“घरी कोण होतं त्याच्या?”

“दोन लेकरं,” टिओडोर म्हणाली. “होडीतच होती.”

“होडी केवढी?”

“तिघांपुरती.”

“मग हे मघाशी नाही सांगितलं कुणी?”

“मघाशी तुम्ही विचारलं कुठे, मामा?”

ते पुढे आले. टिओडोरच्या हातून पुस्तक घेऊन, उपासनेत शास्त्रपाठ वाचावा तसं, नावाड्याचं बोलणं वाचू लागले. ‘मी त्याचं एकेक बोट सोडवलं’ इथवर आले. त्या शब्दांवर बोट ठेवून त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली, हळू. साउतने मान खाली घातली.

घंटा झाली. कुणी उठलं नाही.

“पुढचा अंक कधी?”

“गुरुवारी,” बाई म्हणाल्या, आणि धीर करून पुढे, “म्हणजे रविवारी तुम्ही म्हणाल तसं.”

“रविवारचं मी बघतो.”

पुस्तकात बोट तसंच ठेवून ते दारापर्यंत गेले आणि वळले.

“आणि मी येईपर्यंत त्याचं कुणी वाचायचं नाही. आमच्यातला आहे तो.”