आईच्या मापांच्या फाइली

ऑफिसात तिला सगळे चौकीदारीण म्हणत. थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं. कुठली फाइल कुठल्या प्रोग्राममध्ये उघडायची हे कॉम्प्युटरमध्ये ठरलेलं असतं. ते कोणी गुपचूप बदललं नाही ना, यावर नजर ठेवणं हेच तिचं काम. पत्रावर क्लिक केलं की पत्रच उघडावं. मध्येच कोणी उपटसुंभ दारात उभा राहून आपला कार्यभाग साधतो आणि मग साळसूदपणे पत्र पुढे करतो, असं व्हायला नको. ऑफिसातल्या कुठल्याही मशीनवर असा बदल झाला की तिच्या पडद्यावर लाल रेघ उमटायची आणि ही हातातला चहा टाकून धावायची. घरच्या मशीनवर कसली रेघ आणि कसलं काय. तिथे फक्त बाबा होते.

आई कपडे शिवायची. शेवटी शेवटी हात कापायला लागले, तेव्हा ती मापं लिहिण्याऐवजी मोबाइलमध्ये बोलून ठेवायला लागली. "बाही बावीस, खांदा चौदा... अहो, गॅस बारीक करा... चौदा नाही, साडेचौदा." ती गेल्यावर लेकीने ती सगळी रेकॉर्डिंग बाबांच्या कॉम्प्युटरवर उतरवली आणि जुना मोबाइल पुसून कोणालातरी देऊन टाकला. बाबा रोज सकाळी चहा झाला की एक ऐकायचे. परक्या बायकांच्या बाह्या नि कमरा डोळे मिटून ऐकत बसलेला हा गृहस्थ शेजाऱ्यांनी पाहिला असता, तर त्यांनी काय कपाळ बडवलं असतं.

सुरुवातीला ते उठसूट तिला ऑफिसात फोन करायचे. पडद्यावर काहीतरी विचारतंय, काय दाबू? एकदा ती मीटिंगमध्ये होती, डोकं तापलेलं होतं. "बाबा, काही विचारलं की 'हो' म्हणा आणि मोकळे व्हा," असं म्हणून तिने फोन ठेवला. त्यानंतर त्यांचे फोन थांबले. शिकले एकदाचे, असं तिला वाटलं.

एका रविवारी ती त्यांच्या पडद्यावरची अक्षरं मोठी करून द्यायला बसली. रेकॉर्डिंगच्या फाइलींवरचं चिन्ह जरासं वेगळं दिसलं. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. चौकीदारीण मात्र अक्षरं तशीच सोडून त्या चिन्हाकडे वळली. तिने सेटिंग उघडून बघितलं. या फाइली आता एका भलत्याच, कधी नाव न ऐकलेल्या प्रोग्रामकडे जात होत्या. तो लबाड आधी नेहमीसारखं रेकॉर्डिंग वाजवून दाखवायचा, आणि ऐकणारा उठला की मागून त्या फाइलीला कुलूप घालायचा. किल्ली त्याच्या मालकाकडे, आणि मालक कोण ते कोणालाच ठाऊक नाही. असली कुलपं उघडत नाहीत, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

तिने फाइली आपल्या लॅपटॉपवर घेऊन एकेक तपासली. बंद. हीही बंद. फक्त एक धड होती.

बाबांना विचारलं तर ते ओशाळले. एकदा ऐकलेलं पुन्हा लागत नाही, हे त्यांना केव्हाच कळलं होतं.

"मला वाटलं, ऐकून ऐकून झिजली असतील," ते म्हणाले. "टेपा झिजायच्या ना पूर्वी, तशी. म्हणून मग पुरवून पुरवून ऐकायला लागलो. ती शेवटची ठेवली आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू कामात असतेस. आणि ते एकदा काहीतरी विचारत होतं, तेव्हा तू सांगितलं होतंस तसं 'हो' म्हटलं मी."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर तिला परवडलं असतं. साऱ्या ऑफिसची राखण करणारी ही बाई बापाच्या खुर्चीशी जमिनीवर बसून हमसून हमसून रडली. काय करावं ते न सुचून बाबा तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

मग तिने डोळे पुसले, तो प्रोग्राम मुळासकट काढला, फाइलींची वाट पूर्ववत केली आणि पुन्हा पुन्हा तपासली. उरलेल्या एका फाइलीच्या प्रती जागोजागी ठेवल्या. आता हजारदा ऐका, काही होणार नाही, असं तिने बाबांना सांगितलं. तरी त्यांचा हात माऊसकडे जाईना. शेवटी तिनेच क्लिक केलं.

"हं, आता तुमचं. हात वर करा," आई म्हणाली. "आणि पोट आत ओढू नका. जन्मभर काय पोट आत ओढून शर्ट घालणार आहात?"

बाबांचे हात खुर्चीवरून किंचित वर उचलले गेले. मापाची फीत सरकल्याचा आवाज आला. "छाती..." आई म्हणाली, आणि आकडा यायच्या आत बाबांनी लेकीचं मनगट धरलं.

"थांबव," ते म्हणाले. "बाकीचं उद्याला राहू दे."

अहो बाबा, ते झिजत नाही, असं सांगायला तिने तोंड उघडलं. पण मग मिटलं. तिने आईला तिथेच थांबवलं.