अकरा वाजून दहा

कोर्टाच्या मानसतज्ज्ञ बाईंचा अठरा वर्षांत एकही अहवाल चुकीचा ठरला नव्हता, आणि ही गोष्ट त्या स्वतःहून कुणाला सांगत नसत. समोरच्याने विचारावं म्हणून जरा खोकायच्या, एवढंच. वेडाचं सोंग आणणारे चोर, आठवत नसल्याचं नाटक करणारे साक्षीदार, सगळ्यांनी त्यांच्या टेबलासमोर नांगी टाकली होती.

या खेपेला समोर बसले होते घड्याळआजोबा. कोर्टाच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ एक्केचाळीस वर्षं सांभाळणारे, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या मुलाने अर्ज केला होता: बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्यांना माझ्या देखरेखीत द्या आणि मनोऱ्याची चावी काढून घ्या. चावी तूर्त पाकिटात सीलबंद होती. त्यामुळे घड्याळ तीन आठवडे चार वीसवर बंद, आणि अख्खं कोर्ट उशिरा येण्याला त्याच घड्याळाचं कारण सांगत होतं.

बाईंनी तपासणी सुरू केली. तारीख? अचूक. शंभरातून सात सात वजा करा? आजोबा दोनपर्यंत भराभर उतरले आणि म्हणाले, "शून्याच्या खाली जाऊ का, ताई?"

मग आलं घड्याळाचं चित्र. नियम कडक आहे. 'घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा,' एवढंच म्हणायचं, आणि काढून झाल्यावर 'असं का?' विचारायचं नाही. पण म्हातारा माणूस, घाबरला असेल, म्हणून बाईंनी मायेने पुढे जोडलं, "रोज बघता ना, तेच काढा हं."

आजोबांनी एकही आकडा काढला नाही, नुसत्या बारा रेघा मारल्या. आणि काटे? एकला दहा कमी!

बाईंना वाटलं, अरे देवा, सगळा जन्म घड्याळात गेला, आणि घड्याळच हरवलं बिचाऱ्याचं! बाकीची उत्तरं काय, घोकूनही देता येतात. हात खोटं बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी शून्य गुण दिले आणि अहवालात लिहिलं की यांना एकटं ठेवू नये.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी चित्र उंच धरलं. "आजोबा, हे अकरा वाजून दहा?"

"बरोबर आहे की."

हशा पिकला. मुलाने मान खाली घातली. आजोबा शांतपणे म्हणाले, "साहेब, वर चला. इथून नाही कळायचं."

"एकशे चार पायऱ्या आहेत!" मुलाच्या वकीलसाहेबांनी हरकत घेतली. त्यांचं पोट बघता हरकत रास्त होती. पण न्यायाधीशही त्या बंद घड्याळाला वैतागले होते. त्यांनी पाकीट फोडलं, चावी घेतली आणि वरात निघाली.

आजोबा पहिले पोचले आणि दार उघडून बाकीच्यांची वाट बघत उभे राहिले. न्यायाधीश भिंतीला धरून आले, बाई पदराने वारा घेत आल्या, वकीलसाहेब नुसता श्वास होऊन आले. आत तेलाचा वास, माणसाएवढी चाकं, आणि समोर भलीमोठी काचेची तबकडी. तिच्यातून ऊन आत येत होतं. आकडे नव्हते, नुसत्या रेघा.

"ताई, किती वाजलेत यात?" आजोबांनी विचारलं.

"आठला वीस कमी," बाई म्हणाल्या.

"मलाही तेच दिसतंय," न्यायाधीश म्हणाले. वकीलसाहेबांनी तात्काळ दुजोरा दिला.

"तीन आठवडे तर चार वीस वाजलेत, साहेब."

सगळ्यांची परीक्षा झाली होती आणि सगळे नापास झाले होते.

"मी हे आतून बघतो, म्हणजे उलटं," आजोबा म्हणाले. "एक्केचाळीस वर्षं असंच. ताई म्हणाल्या, रोज बघता ते काढा. मी रोजचं काढलं."

न्यायाधीश वळले. "बाई, असं म्हणालात तुम्ही? अहवालात नाही ते."

त्या दिवशी खोलीत दोघंच होते. नाही म्हटलं असतं, तर डोकं फिरलेल्या म्हाताऱ्यापेक्षा अठरा वर्षं न चुकलेल्या बाईंवरच सगळ्यांचा विश्वास बसला असता. बाईंची कानशिलं तापली. खूप वाईट वाटलं त्यांना, स्वतःसाठी आणि मग आजोबांसाठी, याच क्रमाने.

"म्हणाले," त्या म्हणाल्या. "नियम मोडून म्हणाले, आणि लिहून ठेवलं नाही. चूक माझी. अहवाल मागे घेते."

एवढ्यात मुलगा धापा टाकत पोचला आणि पायरीवरच बसला. "डोकं शाबूत आहे, मलाही ठाऊक आहे," तो रडवेला झाला. "पण या पायऱ्यांवर पडलात तर कळणार कुणाला? माझं ऐकता का कधी?"

"मग तसं सांगायचंस! वेडा कशाला ठरवलंस, गाढवा?"

"गुडघ्यांसाठी कोर्टात अर्ज करता येत नाही, बाबा."

न्यायाधीशांना हसू आवरेना. त्यांनी तिथेच निकाल दिला: चावी आजोबांची, आणि दर आठवड्याला मुलाने सोबत चढायचं. आजोबांनी लेकाला हाताला धरून उठवलं, तेलाचा डबा त्याच्या हातात दिला आणि घड्याळाला किल्ली दिली. मग मनगटावरचे अकरा वाजून दहा बघून काटे फिरवले. धडधड सुरू झाली. बाईंनी वर पाहिलं, मग न्यायाधीशांकडून चित्राचा कागद घेऊन काचेसमोर धरला. रेघेला रेघ जुळत होती, काट्याला काटा.

बाईंनी पेन काढलं. शून्य खोडून पैकीच्या पैकी गुण दिले, आणि खाली सही करण्याआधी एक ओळ लिहिली: परीक्षा घेणाऱ्या बाई नापास.