कपाळासमोर धरा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक भिंतींना टेकले, भिंती संपल्या तेव्हा पायऱ्यांवर बसले. मंचावर एक शाळकरी मुलगी उभी, डोळ्यांवर जाड काळी पट्टी, आणि छातीपाशी धरलेलं कुणाचं तरी ओळखपत्र. तिने मान जराशी मागे टाकली आणि त्यावरचं नाव, हुद्दा, जन्मतारीख धडाधड वाचून दाखवली. कुणी रुमाल दिला. "निळा. काठाला पांढरी रेघ." कुणी वर्तमानपत्र दिलं. तिने मथळा वाचला, खालची बातमीही वाचली. बायकांनी तोंडावर हात घेतले. माझ्या पुढच्या रांगेतले एक निवृत्त इंजिनिअर उभं राहून टाळ्या वाजवायला लागले, आणि मग सगळं सभागृहच उभं राहिलं.

"डोळे म्हणजे नुसत्या खिडक्या!" माइक हातात घेतलेला कोटातला गृहस्थ गरजला. लोक त्याला दीपगुरू म्हणत. मी मनात पट्टीवाला म्हणत होते. "बघणारा आत बसलाय! कपाळाच्या मागे, मेंदूच्या बरोबर मध्यात, एक दिवा आहे. तुमच्या मुलांचा तो मिणमिणतोय. आम्ही फक्त वात वर करतो. हा चमत्कार नाही, हे विज्ञान आहे!"

'विज्ञान' म्हटलं की मागे बासरी वाजायची.

"ज्यांची मुलं गृहपाठाला बसत नाहीत, बसली तर उठतात, केलेली वही शाळेत द्यायची विसरतात, ती मुलं आळशी नाहीत, माउल्यांनो! त्यांचा दिवा विझलाय!"

शेजारी बसलेल्या माझ्या नणंदेने मला कोपर मारलं. "ऐकलंस? आपल्या भिंगरीचंच वर्णन. शब्दन् शब्द!"

भिंगरी माझी मुलगी, नववीत शिकणारी. वर्णन तिचंच होतं, खोटं कशाला बोलू? गणिताची वही उघडली की तिला तहान लागते. पाणी प्यायला गेली की खिडकीतली मांजर दिसते. मांजर बघून आली की पेन्सिलीला टोक नसतं. टोक करता करता तिला शार्पनर आतून कसा असतो ते बघायचं असतं, आणि जेवायची वेळ होते तेव्हा टेबलावर शार्पनरचे तुकडे असतात आणि वहीत फक्त तारीख. शाळेत शिक्षा, घरी टोमणे. "एवढी घोडी झाली तरी हिच्यामागे पळायला लागतं," हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की बोलणाऱ्याच्या आधी तीच ते वाक्य पूर्ण करायची.

शेवटी मी तिला मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याशी कमी आणि तिच्याशी जास्त गप्पा मारल्या, शाळेकडून माहिती मागवली, आणि मग सांगितलं, "हा एडीएचडी आहे, लक्ष एका जागी टिकवण्यातली अडचण. तिला काम येत नाही असं नाही, तिला काम सुरू करणं आणि वेळेचा अंदाज घेणं जड जातं. पायाला दुखापत झालेल्या पोराला तुम्ही 'पळ' म्हणून ओरडाल का?"

त्यांनी गोळी दिली आणि रीत शिकवली. टेबलावर एका वेळी एकच कागद, बाकीचं दप्तर नजरेआड. मोठा गृहपाठ तोडून त्याचे घास करायचे. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ लावायचं, ते वाजलं की हक्काने उठायचं, नाचायचं, परत यायचं. मी शेजारी बसायचं, पण तिच्या वहीत नाक खुपसायचं नाही. आम्हाला जमायला लागलं होतं. हळूहळू, कधी दोन पावलं पुढे, कधी एक मागे. पण हळूहळू जमणाऱ्या गोष्टीला कोण टाळ्या वाजवतो?

त्या कार्यक्रमानंतर नणंदेने भिंगरीचं नाव परस्पर शिबिरात घातलं. पट्टीवाल्याची अट होती: गोळी बंद, घड्याळ बंद, आईने शेजारी बसणंही बंद. "त्या बाहेरच्या कुबड्या. कुबड्या असल्या की दिवा पेटत नाही."

मी नाही म्हटलं. आमच्या घरात माझं 'नाही' ऐकताना सगळ्यांनाच जरा कमी ऐकू येतं.

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही," मी म्हणाले.

"अगं, सगळं सभागृह वेडं होतं का?" भिंगरीचे बाबा म्हणाले. "एक संधी देऊन बघू. बिघडतंय काय?"

बिघडलं ते असं. शिबिरात मुलांना एकेकटं पडद्याआड बसवायचे. आपसांत बोलायची सक्त बंदी, कारण बोललं की 'ऊर्जा गळते'. थोड्याच दिवसांत भिंगरीने घरी बैठकीच्या खोलीत पट्टी बांधून वर्तमानपत्र वाचून दाखवलं. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना व्हिडिओ पाठवला. मी मात्र तिच्याकडे बघत होते. एरवी मला मिठी मारून उड्या मारणारी पोर पट्टी सोडल्यावर तडक आतल्या खोलीत निघून गेली.

आणि दप्तर? पट्टी बांधून वाचणाऱ्या मुलीला उघड्या डोळ्यांनी बीजगणित सुटत नव्हतं. गोळी नाही, घड्याळ नाही, शेजारी बसायलाही बंदी. गृहपाठांचा डोंगर झाला. शाळेतून निरोप आला: राहिलेलं काम आणि प्रकल्प महिनाअखेरीपर्यंत दिला नाही, तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. मुलगी वर्ष गमावणार होती. पट्टीवाल्याकडे त्यावरही उत्तर तयार होतं. "वात वर येताना धूर होतोच. उद्याच्या कार्यक्रमात तिला मंचावर उभी करतो, बघा कशी उजळते!"

त्याच संध्याकाळी ती मला गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे सापडली. गुडघ्यांत डोकं.

"आई, मी खोटारडी आहे."

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मलाच माहितीये. बाकीच्यांना खरंच कपाळातून दिसतं. मला नाही दिसत. मी नाकाजवळच्या फटीतून बघते." ती हुंदके द्यायला लागली. "शिबिरातल्या सरांनी सांगितलंय, खालून उजेड दिसला तर कुणाला बोलायचं नाही. बोललं की दिवा कायमचा विझतो. आईला तर सांगायचंच नाही, आईच्या शंकेने सगळ्यात आधी विझतो. मला साधा गृहपाठ पण येत नाही, आणि हे पण नाही. मी सगळीकडूनच बिघडलेली आहे ना?"

मला आजवर असा राग आला नव्हता. त्या माणसाने लबाडी केली ती केली, पण लबाडीचं ओझं पोरांच्या डोक्यावर ठेवलं होतं. प्रत्येक मुलाला वाटत होतं की चोर तो एकटाच. म्हणून तर बोलायची बंदी! जी मुलगी आधीच स्वतःला नालायक समजत होती, तिला त्याने वर खोटारडी केली होती, आणि तिच्या तोंडाला कुलूप घालून किल्ली खिशात घालून तो बासरी वाजवत होता.

मी तिला जवळ घेतलं. "बिघडलेलं तुझ्यात काही नाही. उद्या जायचं नाही. तुला ताप आलाय असं सांगते."

"नको. परत खोटंच ना." तिने नाक पुसलं. "मीच सांगते. पण मी बोलता बोलता विसरले तर?"

"मग सांगू नकोस. एखादा प्रश्न विचार."

ती बराच वेळ टाकीच्या नळाची तोटी फिरवत बसली. मग तिचे डोळे चमकले. काय सुचलं ते मला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच सभागृह, तीच गर्दी. मंचावर पट्ट्या बांधलेल्या मुलांची रांग, मध्ये भिंगरी. पट्टीवाल्याने स्वतःच्या हाताने तिला पट्टी बांधली आणि तिच्या छातीपाशी एक पुस्तक धरलं. "वाच, बाळ!"

"सर, दिवा कपाळात आहे ना?"

"अगदी बरोबर!"

"मग पुस्तक कपाळासमोर धरा ना. खाली कशाला?"

सभागृहात खसखस पिकली. पट्टीवाला हसला, पण पुस्तक वर जाईना. "बाळा, किरण खाली झुकतात…"

"झुकवू नका की! धरा वर!" मी उभं राहून ओरडले. मागून आणखी कुणीतरी ओरडलं, "धरा की राव!" त्याला पुस्तक वर न्यावं लागलं. भिंगरी हात खाली सोडून, मान सरळ ठेवून शांत उभी राहिली.

"काही दिसत नाही," ती म्हणाली.

"सभेत नकारात्मक लहरी आहेत!" पट्टीवाला किंचाळला. "कुणाची तरी आई शंका घेतेय!"

"मीच ती आई," मी म्हणाले. "एक शंका घेतली की विझतो, असला कसला हो तुमचा दिवा?"

भिंगरीने पट्टी काढली आणि मंचाच्या कडेशी आली. "आत्या, तू ये ना वर."

"मी? अगं, मी कुठे शिबिर केलंय!" म्हणत म्हणत नणंद गेली, कारण तिला भाचीची लाज राखायची होती. भिंगरीने तिला तीच पट्टी तशीच घट्ट बांधली आणि पुस्तक छातीपाशी दिलं. "आता हनुवटी थोडी वर कर. डोळे उघड. खाली बघ."

नणंदेने हनुवटी वर केली. मग माइकमध्ये तिचा आवाज आला, बारीक, रडवेला. "धडा चौथा. वनस्पतींचं पोषण." आणि लगेच, "अगं बाई, दिसतंय की हे!"

मग रांगेतल्या एका मुलीने आपली पट्टी कपाळावर सरकवली. "मला पण असंच दिसतं." तिच्या पलीकडच्याने सरकवली. मग एकेक करत सगळ्यांनी. मुलं एकमेकांकडे बघत होती, जणू पहिल्यांदाच भेटत होती. "तू पण?" "मला वाटलं मी एकटीच!" काही रडत होती, दोघीजणी तर मोठ्याने हसत सुटल्या होत्या. पट्टीवाला माइक टाकून मागच्या दाराने सटकला.

सगळे आईबाप माझे आभार मानतील असं समजू नका. निवृत्त इंजिनिअर मला म्हणाले, "बाई, आमच्या नातीला खरंच दिसत होतं, तुम्ही घालवलंत." भिंगरीच्या बाबांनी घरी आल्या आल्या फोन हातात घेतला. स्वतःहून डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. मी शाळेत गेले. तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, एकाच प्रकारची वीस गणितं नकोत, निवडक पाच पुरेत, आणि प्रकल्प तुकड्यातुकड्यांनी घ्यायला त्या तयार झाल्या. परीक्षेचं अजून नक्की नाही. काल भिंगरीने प्रकल्पाचा पहिला तुकडा दिला. दुसरा बसमध्ये विसरली. आज पुन्हा लिहितेय, मी शेजारी बसलेय.

यात गूढ काही नाही. नाकाचा उंचवटा आणि गाल यांच्यामध्ये कापड कधीच पूर्ण चिकटत नाही, तिथे फट राहते. हनुवटी उचलली की त्या फटीतून छातीपाशी धरलेलं सगळं दिसतं. घरी रुमाल बांधून बघा, शिबिर लागत नाही. आणि एडीएचडी म्हणजे दिवा विझणं नव्हे, आळस नव्हे, आईचे लाड तर नव्हेतच. त्याला डॉक्टर लागतात, समजूतदार शिक्षक लागतात, आणि रोज, कंटाळा आला तरी, शेजारी खुर्ची ओढून बसणारं एक माणूस लागतं.

जो उपाय मुलाला घरच्यांपासून काही लपवायला लावतो, त्याच्या दारात पाऊल टाकू नका. आणि शिकल्यासवरल्या माणसांनो, टाळ्या वाजवण्याआधी एकदा तरी विचारा, "हे होतं कसं?" प्रश्न विचारल्याने खरा उपाय मोडत नाही.